माझ्या नावावरची लाइन

इंटरनेट आमच्या घरात आलं ते सुनेच्या मागून. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, निदान मी तरी नाही. शतक संपायला दोन-तीन वर्षं राहिली होती आणि बेंगळुरूत ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच विषय. बनशंकरीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करतानासुद्धा माणसं आपल्या मुलाच्या कॉम्प्युटरचं कौतुक सांगायची. मी ऐकून घ्यायचो. ज्या यंत्राला तेल घालावं लागत नाही ते यंत्र कसलं, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. निपाणीकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या आधी इथं आलो. शहरातल्या दोन-तीन वर्कशॉपांत झाडलोट करत काम उचललं, मग पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागलो तो फोरमन होऊन बाहेर पडलो. माझ्या हाताखाली डिप्लोमावाले होते, डिग्रीवाले होते. मशिन अडलं की ते पुस्तक उघडायचे. मी लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचो, टोक चालत्या मशिनच्या अंगावर टेकवायचो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचो. आतलं सगळं ऐकू येतं. बेअरिंगची गोळी फुटली असेल तर ती ठराविक फेऱ्याला कट् करते. तेल संपलं असेल तर नुसती कुरकुर. मी सांगायचो, मागची बाजू, डावं बेअरिंग. उघडल्यावर तेच निघायचं आणि डिग्रीवाले पुस्तक मिटायचे. बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं कळायला हे माहीत असलं पाहिजे.

सून पुण्याची. मुलगा मला अप्पा म्हणतो, ती बाबा म्हणते, त्यांच्याकडं तसंच म्हणतात म्हणे. बोलते मराठीच, पण दर दोन शब्दांना एक 'बेसिकली' लागतं. एका कॉम्प्युटर कंपनीत तिची नोकरी. काम काय, तर कॉम्प्युटर कसा चालवायचा याची पुस्तकं लिहायची. मला हसू आलं होतं. आमच्या लेथबरोबरही पुस्तक आलं होतं, जाडजूड, जर्मन भाषेतलं. आम्ही ते तेलाच्या पिंपाखाली टेकू म्हणून वापरलं आणि लेथ वीस वर्षं चालला.

नात सात महिन्यांची झाली तेव्हा सुनेची सुट्टी संपली. पोरगी बाटली तोंडात धरेना. आमच्या हिचे गुडघे कामातून गेलेले, दिवसभर मूल सांभाळणं तिला झेपणारं नव्हतं. ऑफिस के. आर. पुरमच्याही पलीकडं, दोन बस बदलून जायचं. तेव्हा कंपनीनं एक तोड काढली. महिनाभर घरून काम करून बघा. लिहिलेली पानं रोज दुपारी तीनच्या आत फोनच्या तारेवरून ऑफिसला पोचली पाहिजेत, आणि मध्ये ऑफिसवाल्यांनी काही विचारलं तर त्याच तारेवरून उत्तर गेलं पाहिजे. महिना नीट गेला तर वर्षभर तसंच चालू ठेवू. नाही गेला तर ऑफिसात या, नाहीतर राजीनामा द्या. तान्ह्या पोरीला टाकून ती दोन बस बदलणार नव्हती, म्हणजे राजीनामाच.

तिनं हे जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, मला ही नोकरी सोडायची नाहीये. मी घरी बसून राहणाऱ्यांतली नाही. एवढा महिना फोनची लाइन मला द्या."

लाइन माझ्या नावावर होती. अर्ज केल्यापासून सात वर्षं थांबून मिळालेली. गल्लीतला तिसरा फोन आमचा. मी म्हटलं, फोन बोलायला असतो, पानं पाठवायला पोस्ट ऑफिस आहे. पण दिली. सात वर्षं थांबलेल्या माणसानं द्यावी तशी दिली, म्हणजे वरच्या हातानं, उपकार केल्यासारखी.

मग तो लॅपटॉप आला. मांडीवर ठेवायचा म्हणून ते नाव, पण मांडी भाजते म्हणून तो जेवणाच्या टेबलावर. शेजारी मॉडेम नावाची एक काळी डबी, तिला लाल दिवे. भिंतीवरच्या डब्यातून फोनची वायर काढायची आणि त्या डबीची खुपसायची. की मग डबी ओरडायला लागायची. पितळेवर बोथट हत्यार लावून लेथ फिरवला तर जसा आवाज येईल तसा. नात दचकून रडायची, ही तिला घेऊन आतल्या खोलीत जायची. आणि एवढ्या कोकलण्यानंतर व्हायचं काय, तर पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायची. तेवढ्यात मी सायकलवरून जाऊन तिची पानं अर्ध्या वाटेवर पोचवली असती, असं मी एकदा म्हणालो. कुणी हसलं नाही.

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता, अकराच्या सुमाराला ती म्हणाली, "गेलं." तिचा ओरडायचा स्वभाव नाही. तेवढंच म्हणाली आणि परत जोडायला लागली. हे पहिलं तुटणं खरं होतं, तारेतलं होतं, हे मी आजही कुणालाही सांगीन. पण चौथ्या दिवशी तीनदा तुटलं, पाचव्या दिवशी पाचदा. पानं अर्धी जायची आणि पट्टी जागच्या जागी गोठायची. मग परत पहिल्यापासून. तीन वाजून जायचे.

आता घरातल्या विद्वानांची पाळी आली. मुलगा सरकारी कारखान्यात इंजिनियर, सकाळी सातला कंपनीच्या बसनं जातो आणि संध्याकाळी येतो. आल्यावर त्यानं बूटसुद्धा न काढता सेटिंग बघितलं. सेटिंग हा त्याचा आवडता शब्द. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यानं डबी चालू ठेवली, आम्ही सगळे टेबलाभोवती, एकदाही तुटलं नाही. मग त्यानं निदान केलं की दिवसा एक्स्चेंजवर लोड असतो. संध्याकाळी नसतो. वा. डिग्रीला घातलेली पाच वर्षं वाया गेली नाहीत.

मग सुनेच्या ऑफिसातून एक इंजिनियर आला. गळ्यात टाय, हातात सीडीच्या चकत्यांचा डबा. नागपूरचा होता, पण बेंगळुरूत येऊन त्याची मराठी हिंदीत विरघळलेली. त्यानं आमच्या टेबलावर लॅपटॉपचं सगळं काढून टाकलं आणि सगळं परत भरलं. कशासाठी, विचारलं तर म्हणाला, ड्रायव्हर खराब झाला असेल. मी समोरच्या खुर्चीत बसून तो काय करतो ते बघत होतो. माणूस मशिन दुरुस्त करतो म्हणजे कुठंतरी हात काळा होतो. याची बोटं पांढरीशुभ्र. दोन तास तो बसला, दोन तास लाइन तुटली नाही. चहा पिताना मोठ्या तोऱ्यात मला म्हणाला, "काका, बघा तुम्ही, दहा वर्षांत ही तारच लागणार नाही. सगळं हवेतून येईल."

"मग बिघाड शोधायचा कुठं?" मी विचारलं.

तो हसला आणि गेला. त्याची स्कूटर गल्लीतून बाहेर पडून अर्धा तास झाला नसेल, लाइन तुटली. मी हिला म्हटलं, याला म्हणतात टायवाल्याची दुरुस्ती, गेटपर्यंत टिकते.

दहाव्या दिवशी टेलिफोनचा लाइनमन आला. सुनेनं दोनदा तक्रार नोंदवली तेव्हा कुठं आला. खांद्यावर तारेचं भेंडोळं, नोकरी संपत आलेला, सायकल ढकलत चालणारा माणूस. खांबावर चढला, उतरला, भिंतीवरचा डबा उघडून बघितला. मग मला बाजूला घेऊन कन्नडमध्ये विचारलं, अण्णा, घरात पॅरलल आहे का? म्हणजे याच तारेवर दुसरा फोन जोडलाय का?

"इल्ला," मी म्हणालो. नाही.

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणाला आणि खांबापासून घरापर्यंतची तार बदलायला लागला. भर उन्हात दोन तास लागले त्याला.

पॅरलल होता. गच्चीवर माझी पत्र्याची खोली आहे, तिथं माझा व्हाइस, ड्रिल आणि सगळी हत्यारं. फोन आला त्याच वर्षी मी जिन्याच्या कडेनं स्वतः वायर ओढून वर एक जुना काळा फोन बसवला होता. मग एका लाइनमननं तो पकडला. परवानगीशिवाय दुसरा फोन जोडणं खात्याला चालत नाही, परत दिसला तर लाइन कापीन म्हणाला. मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो काढला. विषय संपला, असं घरच्यांना वाटलं.

निवृत्त झाल्यावर मी तो परत जोडला. बाजूला भोक पाडून आतली घंटी काढून टाकली, म्हणजे वाजणार नाही, आणि फोन टेबलाच्या खणात ठेवला. कशासाठी, ते लिहायला हात जड होतो, पण लिहितो. माझी मुलगी हुबळीला दिलेली. तिच्या लग्नात माझं आणि तिचं काही बिनसलं, ते इथं सांगत नाही. ती दर रविवारी सकाळी आईला फोन करते. मला बोलावत नाही आणि मी आपणहून जात नाही. खाली घंटी वाजली की मी वर खण उघडायचो, रिसीव्हर कानाला लावायचो आणि बोलायच्या बाजूवर रुमाल दाबून ठेवायचो. पोरं शाळेला जातात, जावयाची बदली टळली, असलं काहीतरी ऐकायचो. तीन वर्षं ऐकलं. कधी काही बिघडलं नाही. ही क्वचित म्हणायची, आज आवाज लांबून येतोय गं. तेवढंच.

म्हणून माझी खात्री होती की नुसतं ऐकल्यानं तारेला काही होत नाही. मशिनच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हर टेकवल्यानं मशिन थांबतं का?

आणि सुनेची लाइन पहिल्यांदा तुटली त्या दिवसापासून मी ती ऐकत होतो. कुणी मला विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याला कोण विचारतो, त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतं. ठीक आहे, मी मनात म्हटलं, तुम्ही पुस्तकं उघडा, मी कानानं बिघाड काढून दाखवतो. जेवणाआधी दोन-तीनदा, जेवणानंतर दोनदा गच्चीवर जायचो आणि खण उघडायचो. तारेत एक सलग फुसफुस चाललेली असायची, वाफ सुटल्यासारखी. मी श्वास रोखून धरायचो. मग कट् आवाज व्हायचा, फुसफुस वेडीवाकडी व्हायची आणि थांबायची. आणि खालून जिन्यातून तिचा आवाज यायचा, गेलं.

मला वाटलं मी बिघाड जागेवर पकडला. तो कट् म्हणजे सैल जोड. बाहेरच्या तारेत कुठंतरी वाऱ्यानं हलणारा जोड. मी खाली येऊन निकाल दिला की दोष लाइनमनचा आहे, त्यानं नवी तारही नीट ओढलेली नाही, कामचोर माणूस, परत तक्रार कर. सुनेनं परत तक्रार केली. तो परत आला. तो असेपर्यंत मी त्याच्या मागं उभा राहून त्याच्या चुका काढत होतो, आणि तो असेपर्यंत लाइन ठणठणीत. तो गेला, मी वर गेलो, लाइन तुटली. याहून मोठा पुरावा मला नको होता. तो समोर नसला की त्याचं काम बिघडतं, असं मी हिला सांगितलं.

बाराव्या दिवशी सुनेच्या साहेबाचा फोन आला. मी हॉलमध्येच होतो. ती 'येस, येस' एवढंच बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, एक आठवडा दिलाय, तेवढ्यात सुधारलं नाही तर महिना पुरा व्हायची वाट बघणार नाहीत. नंतर दोन-तीन दिवस ती टेबलापासून उठेना. पोरीला एका हातानं मांडीवर धरून दुसऱ्या हातानं टकटक चाललेली. इंग्रजी शब्द कमी झाले तिचे. एकदा पाण्याचा तांब्या भरून घेताना मला म्हणाली, "बाबा, मीच काहीतरी चुकीचं दाबत असेन का हो?"

"असशील," मी म्हणालो.

त्यानंतर दोन दिवसांनी मी पीण्याला गेलो. आमच्या जुन्या स्टोअरकीपरचा निरोप समारंभ होता. सकाळी निघालो, बस बदलत पोचलो, भाषणं ऐकली. मालकाच्या मुलानं माझं नाव चुकीचं घेतलं. नवी मशिनं बघितली, त्यांनाही आता कॉम्प्युटर जोडलेले. ऑपरेटर स्टूलावर बसून जांभया देत होता. संध्याकाळी घरी आलो तर घरात सण असल्यासारखं. सुनेनं सगळी पानं एकच्या आत पाठवली होती. सकाळी नऊपासून एकदाही तुटलं नव्हतं. मुलगा म्हणाला, अप्पा, एक्स्चेंजवाल्यांनी दखल घेतली शेवटी. मी म्हटलं, एक दिवस चाललेल्या मशिनला दुरुस्त झालेलं मशिन म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून ते चालू होतं. सव्वाअकराला मी गच्चीवर गेलो. खरोखरच सुधारलंय की योगायोग, तेवढं ऐकायचं होतं. खण उघडला, रिसीव्हर उचलला. कट्. फुसफुस वाकडी झाली. थांबली.

"गेलं," खालून आवाज आला.

रिसीव्हर माझ्या हातात होता. मी तो हळूच ठेवला आणि स्टूलावर बसलो. खाली डबी परत ओरडली, शांत झाली. म्हणजे जोडलं गेलं. मी उठून परत उचलला, या वेळी कान न लावता. नुसता उचलला.

"परत गेलं. आई, बघा ना, परत गेलं."

कारखान्यात आम्ही कुठलीही गोष्ट तीनदा करून बघायचो. तिसऱ्यांदा उचलला नाही. गरज नव्हती. मुलगा बसला तेव्हा मी खाली, टायवाला आला तेव्हा मी खाली, लाइनमन खांबावर होता तेव्हाही मी खाली, काल तर मी पीण्यात. तो कट् सैल जोडाचा नव्हता, माझा फोन उचलल्याचा होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मशिनांना कान लावून दोष सांगणारा माणूस मी, आणि सोळा दिवस मी स्वतःचाच आवाज ऐकून लाइनमनला शिव्या घातल्या होत्या.

पहिला विचार काय आला तेही लिहितो. पक्कड घ्यायची, वायर कापायची, फोन भंगाराच्या पोत्यात टाकायचा आणि गप्प बसायचं. लाइन आपोआप सुधारेल. मुलगा एक्स्चेंजला श्रेय देईल. मी तर पक्कड हातात घेतलीही होती.

तेवढ्यात खालून लाइनमनचा आवाज आला. सकाळी आठवणीनं तिसऱ्यांदा आला होता बिचारा, काल चाललं असं कळलं म्हणून तक्रारीच्या कागदावर सही घ्यायला. आणि सून त्याच्यावर कडाडली. लग्न होऊन आल्यापासून तिचा वरचा आवाज मी ऐकला नव्हता. तिला कन्नड येत नाही, ती हिंदीत सुनावत होती. सही नाही मिळणार, आज परत दोनदा गेली, तुमच्या साहेबाला लेखी कळवणार, तुमच्यामुळं माझी नोकरी चाललीय. तो तेच तेच म्हणत होता, मॅडम, लाइन अच्छा है.

मी वायर कापली नाही. जोडावरून सोडवली, फोन काखेत मारला आणि मागं लोंबणाऱ्या वायरसकट जिना उतरलो. टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी ठेवला. लाइनमननं त्याच्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. सुनेला काही कळेना.

"हा वर जोडलेला होता," मी म्हणालो. "मी उचलला की तुटत होतं. आत्ता दोन्ही वेळा मीच उचलला."

पोरगी वायरचं टोक धरायला बघत होती.

"रोज?" सुनेनं विचारलं.

"रोज."

"मी तुम्हाला विचारलं होतं बाबा, माझं चुकतंय का. पाण्याच्या पिंपापाशी. तुम्ही असशील म्हणालात."

मला वाटत होतं, असं काहीतरी मी सांगायला गेलो. तिनं हात वर करून थांबवलं. मला घरात असं कुणी थांबवत नाही. थांबलो. ती लाइनमनकडं वळली, सॉरी म्हणाली, कागद ओढून सही केली. तो कागद घडी करत मला म्हणाला, मराठीत सांगायचं तर असं, की अण्णा, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. रागानं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. फोन बेकायदा म्हणून जप्त करतोस का, मी विचारलं. म्हणाला, कुठला फोन, मला तर काही दिसत नाही. भेंडोळं खांद्यावर टाकून गेला.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती त्या काळ्या फोनकडं बघत होती, घंटी काढल्यामुळं झालेल्या भोकाकडं. तिला लॅपटॉपशी काही देणंघेणं नव्हतं.

"तरीच रविवारी आवाज लांबून यायचा," ती म्हणाली आणि आत गेली. त्यावर ती पुढं कधी बोलली नाही, आणि मीही नाही.

सुनेनं परत जोडलं. आम्ही दोघंही पट्टीकडं बघत बसलो. ती मुंगी पहिल्यांदाच मला बरोबर वाटली, एका चालीनं शेवटपर्यंत गेली. दीड वाजता सगळी पानं पोचली. मला वाटलं झालं. पण संध्याकाळी तिनं मुलासमोर सांगितलं की अजून झालेलं नाही. साहेबाला उद्या कळवायचंय की दोष सापडला. तो विचारणार, दोष काय होता, परत होणार नाही कशावरून. ती म्हणाली, मी सांगितलं तर त्याला वाटेल वेळ मारून नेतेय, आधी दोनदा सापडला म्हणून सांगून झालंय, एकदा एक्स्चेंज, एकदा ड्रायव्हर.

"लाइन तुमच्या नावावर आहे," ती मला म्हणाली. "तुम्ही बोला."

मुलगा म्हणाला, अगं, अप्पा कशाला, मी बोलतो. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं, बोलतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिनं नंबर लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला. साहेब माझ्या मुलाहून लहान असणार, आवाजावरून तरी तसंच. मुंबईचा होता, पण ऑफिसात हिंदी बोलायची सवय, माझ्याशीही हिंदीच. मी ज्या मालकांशी बोललो त्यांच्याशी कन्नडमध्ये किंवा हातानं बोललो. हिंदी माझी तोडकीमोडकी. जमेल तसं सांगितलं. की घरात दुसरा फोन होता, मी उचलत होतो, मला वाटलं ऐकून काही होत नाही. लाइनमनला मी खोटं बोललो. बाईचा काही दोष नाही. फोन काढला आहे, वायरसकट.

तो हसला. मनापासून हसला, आणि कुणाला तरी बाजूला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, तोही हसला. माझ्या तोंडावर असलं हसायची पीण्यात कुणाची टाप नव्हती. मी रिसीव्हर घट्ट धरून उभा राहिलो. सून समोर बसली होती, पोरगी तिच्या खांद्यावर झोपलेली. तिचे डोळे माझ्या तोंडावर.

"हसना हो गया?" मी विचारलं. "उसकी नौकरी का बोलो."

तो एकदम अदबीनं म्हणाला, अंकल, लाइन ठीक रही तो कोई दिक्कत नहीं, महिना पूरा करने दीजिए, फिर साल भर घर से. मी म्हटलं, ठीक रहेगी. तो आणखी काहीतरी विचारायला लागला, माझ्या तब्येतीचं की कशाचं, असल्या लोकांना शेवटी गोड बोलायची सवय असते. मी हूं हूं करत होतो.

सुनेनं डबीची वायर हातात घेतलेली होती. दुसरा हात तिनं माझ्यापुढं केला.

"ठेवा आता, बाबा," ती म्हणाली. "मला लाइन हवीय."